डिव्हायडरच्या अलीकडची मावशी

मावशी रस्ता ओलांडताना कधीच इकडंतिकडं बघायच्या नाहीत. पदर डोक्यावर घ्यायचा, उजवा हात खांद्याइतका वर करायचा आणि सरळ चालू लागायचं, एवढीच त्यांची रीत. लॉरी असो, बस असो की कापसानं फुगलेला ट्रॅक्टर असो, सगळ्यांनी थांबायचं. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा किंचाळलेच. त्या आरामात पलीकडं पोचल्या, वळल्या आणि तिथूनच ओरडल्या,

"काऊन वरडून राह्यली वं? गाडीवाल्याले डोळे नाईत का?"

"आहेत, पण..."

"मंग तो पाहीन. मी काऊन पाहू?"

मी तेव्हा आदिलाबादला एका खाजगी शाळेत हिंदी शिकवायला नुकतीच लागले होते. माझं गाव पांढरकवडा, म्हणजे पैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. तरी घरून निघताना आईनं बजावलं होतं, तिकडं तेलुगू बोलतात, जपून राहा. आणि इथं येऊन बघते तर घरमालकीण थेट माझ्या आजोळची वऱ्हाडी बोलत होती, तीही माझ्या आजीपेक्षा दुप्पट आवाजात.

मावशींच्या फुटाण्याच्या दुकानावरची माडी मी भाड्यानं घेतली होती. खाली भट्टी, वर मी. सकाळी कढईतली वाळू तापली की माझ्या खोलीची फरशीसुद्धा कोमट व्हायची, आणि हरभरे तडतडायला लागले की गजराची गरज उरायची नाही. मावशी सत्तरीच्या पुढच्या. नवरा जाऊन बराच काळ झालेला, मुलगी मंचेरियलला दिलेली, जावई कोळशाच्या खाणीत. दुकान त्या एकट्या चालवायच्या. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक, आणि आवाज असा की समोरच्या बाजूला बसलेली गाय मान वर करून बघायची. मोहल्ला त्यांना 'फुटानेवाली अम्मा' म्हणायचा. मी मावशी म्हणायचे. त्या मला 'मास्तरीन' म्हणायच्या, आणि रागावल्या की 'पांढरकवडा'. नुसतं गावाचं नाव. त्यावरून ओळखायचं.

राग मात्र त्यांना मोठ्या गोष्टींचा यायचा नाही. महागाई, राजकारण, निवडणुका, यांबद्दल त्या चकार शब्द काढत नसत. त्यांचं भांडण होतं ते रोज हाताखाली येणाऱ्या बारक्या गोष्टींशी. पाकिटांशी, उदाहरणार्थ. बिस्किटाच्या पुड्यावर फाडायची जागा बाणानं दाखवलेली असते. मावशी इमानदारीनं तिथूनच फाडायला जायच्या आणि पुडा तिथून कधीच फाटायचा नाही. मग दात, मग अडकित्ता, शेवटी हरभरे कुटायचा दगड.

"हितून फाड म्हनून बाण दावला हाय ना? मंग फाटत काऊन नाई? खोटं काऊन बोलते हा कागद?"

तोवर आतल्या बिस्किटांचं पीठ झालेलं असायचं. ते त्या माझ्यापुढं सरकवायच्या. "घे मास्तरीन. आता चमच्यानं खा."

एकदा कुठल्याशा कंपनीचा एजंट आला होता. फुटाणे प्लॅस्टिकमध्ये बंद करून विका, छान लेबल लावून देतो, चार महिने टिकतील, असं तो समजावत होता. मावशींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याच्या ओंजळीत गरम फुटाणे ओतले आणि म्हणाल्या, "माहे फुटाने चार मयने टिकले त मले लाज वाटंन, बापू. ते सांजेलोक संपाले पायजेत."

पण खरी गंमत फोनची. मुलीनं त्यांना मोबाइल घेऊन दिला होता, आणि गॅसचं सिलिंडर त्याच्यावरूनच सांगावं लागायचं. फोन लागला की पलीकडून एक बाई गोड आवाजात बोलू लागायची. मावशी पदर सावरून बसायच्या.

"नमस्ते बाई. मी फुटानेवाली बोलून राह्यली, टेसनाकडच्या रोडवरून."

बाई आपलं बोलतच असायची. मग मावशी फोनवर तळवा ठेवून मला हळूच सांगायच्या, "होऊ दे तिचं आधी. मधात बोलनं बरं नाई."

तिचं व्हायचं, थोडी शांतता पसरायची, मावशी तोंड उघडायच्या, आणि ती बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"हे त परत तेच सांगून राह्यली! ओ बाई, तुले दुसऱ्याचं आयकू येत नाई का? सासरी कसं निभलं वं तुह्यं?"

मी हसून हसून भिंतीला टेकले. शेवटी सांगितलं की मावशी, ती बाई नाही, मशीन आहे. त्यांना ते मान्यच होईना. मान्य झालं तेव्हा तर आणखी चिडल्या. "मशीन हाय त मशीनच्या आवाजात बोलाव ना! बाईचा आवाज काऊन काढते? मी उगंच इतक्या दिवसापासून जी-जी करून राह्यली!"

त्यांच्या रागाची लागण मात्र व्हायची. एका लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेले होते. मोठा फंक्शन हॉल, चकचकीत दिवे, ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं आणि जेवण उभ्यानंच उरकायचं. मावशींनी रिकामं ताट घेतलं, हॉलच्या मधोमध लाल गालिच्यावर मांडी घातली आणि ताट समोर ठेवलं. वाढप्या पोऱ्या धावत आला.

"अम्मा, लैन में आना पडता."

"मी लग्नाले आली, बापू. राशनले नाई आली. वाढ."

तो गोंधळून उभाच राहिला. एवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच येऊन मावशींच्या शेजारी बसली. मग तिची जाऊ. मग दोघी-तिघी तेलुगू बायका, गुडघे धरत धरत, पण हसत. बघता बघता सरळ पंगत लागली. नवरीचा बाप घाबरून आला. त्याला वाटलं मानापानावरून काही बिनसलं. मावशी म्हणाल्या, "कायबी बिनसलं नाई, भाऊ. तुमी वरनाचं भांडं आना." आणि त्या माणसानं खरोखरच कोटाच्या बाह्या सारून वरण वाढलं. आम्ही निघताना तो मला म्हणाला, आजच्या दिवसात आत्ता कुठं लोकांशी बोलायला मिळालं.

आता वदिनांबद्दल सांगते, कारण त्यांच्याशिवाय मावशींची गोष्ट पुरी होत नाही.

वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. मावशींच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडं, बुटक्या ओट्याचं एक निळं घर होतं. तिथं राहणाऱ्या तेलुगू बाईंना मावशी वदिना म्हणायच्या, आणि वदिना त्यांना अक्का. मावशी भीमपूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन इथं आल्या तेव्हा त्यांना तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि वदिनांना मराठीचा. त्यानंतर सगळा जन्म शेजारात गेला तरी दोघींनी आपापली भाषा सोडली नाही. मावशी वऱ्हाडीत बोलायच्या, वदिना तेलुगूत उत्तर द्यायच्या, आणि कधी काही अडायचं नाही. दुपारी भट्टी विझली की मावशी ताज्या फुटाण्यांचा कागदी पुडा घेऊन, हात वर करून, पलीकडं जायच्या. उन्हं कलेपर्यंत दोघी ओट्यावर. काय बोलायच्या देव जाणे, पण अलीकडून बघणाऱ्याला वाटावं की मारामारी चाललीय.

मी आले त्याच उन्हाळ्यात तो रस्ता रुंद करायला घेतला. खडी आली, डांबर आलं, आणि मग मधोमध सिमेंटची भिंत उभी राहिली. तिच्यावर लोखंडी जाळी, मावशींच्या छातीला लागेल इतकी उंच, आणि जाळीत मधेमधे बसवलेल्या शोभेच्या कुंड्या.

काम पुरं झालं त्या दिवशी मावशी नेहमीसारख्या निघाल्या. हात वर, गाड्या थांबल्या, आणि त्या मधोमध जाऊन अडल्या. एका हातात पुडा. दुसऱ्या हातानं त्यांनी जाळी धरून हलवून पाहिली. ती हलली नाही. पलीकडच्या ओट्यावर वदिना उठून उभ्या राहिलेल्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मागं हॉर्न वाजत होते.

मग त्या परत फिरल्या. मावशी रस्त्यातून परत फिरलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

पलीकडं जायचं तर एका अंगाला पेट्रोल पंपापर्यंत चालत जाऊन वळावं लागायचं, नाहीतर दुसऱ्या अंगाला चौकापर्यंत. आदिलाबादचं ऊन काही थट्टेचं नाही. मावशींनी थोडे दिवस तेही केलं. घामाघूम होऊन परत यायच्या आणि भट्टीपाशी न बसता माठापाशी बसायच्या. एकदा भोवळ येऊन पंपाशी बसल्या तेव्हा मी म्हटलं, ऑटोनं जा.

"समोरच्या घरी जाले ऑटो? मी काय पावनी हाय?"

मग ओरडून बोलायचं ठरलं. मावशी दुकानाच्या पायरीवर, वदिना ओट्यावर.

"काय जेवली वं?"

"आँ?"

"जेवली काय!"

मधून बस जायची. बस गेली की लॉरी. वदिनांचं ऐकू येणं आधीच कमी झालेलं. शेवटी मावशींनी पुडा गुंडाळून जाळीवरून फेकायचं ठरवलं. पहिला पुडा एका स्कूटरवाल्याच्या हेल्मेटवर फुटला. त्यानं गाडी थांबवली, वर आभाळाकडं बघितलं, रस्त्यावरचे दोन फुटाणे उचलून तोंडात टाकले आणि गेला. मावशींना त्याही दिवशी हसू आलं नाही.

पावसाळा सरला तसं वदिनांचं ओट्यावर येणंही कमी झालं. त्यांचे गुडघे गेलेले, घरात दुसरं कोणी नाही, एकुलता मुलगा हैदराबादला नोकरीत. मी शाळेतून येताना पलीकडच्या बाजूनं यायचे आणि पुडा देऊन यायचे. वदिना पुडा हातात घ्यायच्या, माझ्या खांद्यामागं बघायच्या आणि विचारायच्या, "अक्का?" मी रस्त्याकडं बोट दाखवायचे. त्या मान हलवायच्या.

एका रविवारी मुलगा आला होता. भला माणूस. त्यानं मला ओट्यावर थांबवून सांगितलं की आई हल्ली जेवत नाही, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून असते, दसरा झाला की तिला घेऊन जातो. हैदराबादला फ्लॅट घेतलाय, नवव्या मजल्यावर.

मी हे मावशींना सांगितलं तेव्हा त्या फुटाणे चाळत होत्या. चाळणी थांबली.

"नवव्या माळ्यावर? तठून ती कोनाले हाक मारंन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि मला म्हणाल्या, "चाल. मुन्सिपाल्टीत दरखास्त द्याची हाय."

दफ्तरात जी इंजिनिअर भेटली ती तरणी मुलगी होती. दमलेली, पण बोलायला नीट. तिनं आम्हाला बसवलं, संगणकावर रस्त्याचा नकाशा उघडून दाखवला. इथं कट, म्हणजे भिंतीतली वाट, तिथं कट, मधे कट देता येत नाही.

"अम्मा, डिजैन ऊपर से आया. मेरे हाथ में नै है."

मावशींनी पडद्याकडं बघितलं. त्यांना हिंदी यायची ती बाजारापुरती. "बेटा, ऊपर से रस्ता दिखता. उसपे का मानूस नै दिखता."

तिनं नकाशा बंद केला. मग म्हणाली, "आप ऑनलाइन कंप्लेंट डालो, अम्मा. फिर मैं ऊपर भेजती."

बाहेर आल्यावर मावशींचा जो भडका उडाला तो घर येईपर्यंत विझला नाही. "तिच्यासमोर बसेल हावो आपन! गुडघ्याले गुडघा लागून राह्यला, अन् मले म्हन्ते ऑनलाईन ये! आता मी तिच्या टेबलावर उभी राहू काय?"

तक्रार मी त्याच दिवशी फोनवरून टाकली. ती स्वीकारल्याचा संदेश आला. पुढं काही आलं नाही.

आणि मग नवरात्र आलं. तिकडं त्या दिवसांत बतुकम्मा असते. बायका पितळेच्या ताटात रानफुलांचे थर रचतात, वर निमुळती होत जाणारी फुलांची देवी करतात, ती मधे ठेवून टाळ्या वाजवत फेर धरतात. मावशी मराठी, पण नवी नवरी असताना वदिनांनी त्यांना थर रचायला शिकवलं होतं, आणि तेव्हापासून शेवटच्या दिवसाची मोठी बतुकम्मा दोघी मिळून करायच्या. ठेवायच्या कुठं? रस्त्याच्या मधोमध. दोन्ही बाजूंच्या बायका तिथंच जमायच्या.

त्या वर्षी मोहल्ल्यातल्या मंडळींनी सगळं फंक्शन हॉलच्या मैदानावर हलवलं. डीजे, रंगीत दिवे, सगळ्यात उंच बतुकम्मेला बक्षीस. मावशींना बोलवायला पोरी आल्या होत्या.

"फुलाले बक्षीस?" मावशी म्हणाल्या. "ज्या फुलाले बक्षीस नाई भेटलं ते काय रडत घरी जाईन?"

पोरी हसत निघून गेल्या. मला वाटलं, झालं, यंदा मावशी घरातच बसणार.

शेवटच्या दिवशी पहाटेच त्यांनी मला उठवलं. गावाबाहेरच्या बांधांवरून आम्ही पोतंभर फुलं आणली. पिवळाधमक तरवड, कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, झेंडू. दुपारभर त्या थर रचत होत्या. माझ्या हातांना रंग लागला, पाठ आखडली, पण त्यांचा हात थांबेना. मला सारखं विचारावंसं वाटत होतं की हे ठेवणार कुठं? त्यांच्या तोंडाकडं बघून धीर झाला नाही.

ऊन उतरलं तशा त्या उठल्या. ताट डोक्यावर घेतलं, मला चाळणी घ्यायला सांगितलं, आणि निघाल्या. गाड्या कचाकच थांबल्या. मधे एका कुंडीतलं रोप केव्हाच वाळून गेलं होतं. तिच्यावर त्यांनी चाळणी पालथी घातली आणि तिच्यावर बतुकम्मा ठेवली. जाळीच्या वर फुलं अशी उठून दिसली की दोन्हीकडचे लोक बघायला लागले. मग मावशींनी छातीत श्वास भरला.

"वदिनाऽऽ!"

निळ्या घराचं दार उघडलं. मुलाच्या खांद्याला धरून वदिना ओट्यावर आल्या. केस विस्कटलेले, पातळ चुरगळलेलं. त्यांनी फुलं बघितली. मुलाचा हात झिडकारून त्यांनी काठी मागितली आणि एकेक पाऊल टाकत त्यांच्या बाजूनं जाळीपर्यंत आल्या. मुलगा दोन्ही हात पसरून गाड्या अडवत होता.

मावशींनी टाळी वाजवली आणि गाणं धरलं. फेर धरायचा तर भोवती फिरायला हवं, आणि मधे तर भिंत. त्या आपल्या जाळीच्या अलीकडं चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं करत होत्या. एक मोटरसायकलवाला हसला. मी रडायच्या बेतात आले.

तेवढ्यात मैदानाकडं निघालेला एक ऑटो थांबला. आत नटलेल्या बायका, मांडीवर बतुकम्मा. एक जण उतरली आणि तेलुगूत विचारलं, अम्मा, भिंतीभोवती फेर कसा होणार?

मावशींनी पेट्रोल पंपाकडं हात केला. "तठून वळून या! अन् तिकडून चौकातून! होत नाई म्हंजे काय? मोठा फेर होईन!"

त्या बाईनं एकवार लांबवर पंपाकडं बघितलं, मैत्रिणींकडं बघितलं, पदर खोचला आणि चालायला लागली. तिच्यामागं बाकीच्या. मागून दुसरा ऑटो आला, तिसरा आला. मैदानावर जाणाऱ्या सगळ्या बायकांना हाच रस्ता होता! मी चपला कडेला फेकल्या आणि रांगेत घुसले. पंपापर्यंत चालत, टाळ्या वाजवत, तिथून वळून पलीकडच्या अंगानं परत, वदिनांच्या पुढून, चौकापर्यंत, आणि तिथून वळून पुन्हा मावशींच्या पुढं. असा फेर आदिलाबादनं कधी पाहिला नसेल. रस्त्याच्या दोन्ही बाजू बायकांनी भरल्या. बस अडकली होती. तिच्यातल्या बायका खिडकीतून बघत होत्या, मग दारात आल्या, मग खाली उतरून सामील झाल्या. कंडक्टर "अम्मा, ओ अम्मा" करत राहिला. हॉर्न आधी कर्कश होते, मग तुटक झाले, मग थांबलेच, आणि नुसत्या टाळ्या ऐकू येऊ लागल्या. माझ्या पुढं कोण आहे, मागं कोण, मला माहीत नव्हतं. घसा सुकला होता आणि थांबावंसं वाटत नव्हतं.

ट्रॅफिकचा शिपाई शिट्टी वाजवत आला. "परमिशन है क्या अम्मा?"

"चालाले परमिशन लागते?" मावशी म्हणाल्या. "रोडवर चालून त राह्यलो. तू बाजूले हो, तुह्या पायाखाली फुलं येऊन राह्यले."

शिपाई बाजूला झाला.

आणि मग मावशींनी ते केलं. समोर, हाताच्या अंतरावर, वदिना काठी काखेत धरून जाळीला टेकून उभ्या होत्या. चालता येत नव्हतं म्हणून नुसत्या टाळ्या वाजवत होत्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. मावशींचं गाणं थांबलं. त्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, सिमेंटच्या भिंतीवर पाय ठेवला आणि जाळीवर चढल्या. मी ओरडले. एक पाय पलीकडं गेला, दुसरा अलीकडंच राहिला, आणि फुटानेवाली अम्मा, वय सत्तरीच्या वर, सगळ्या गावादेखत जाळीवर घोड्यावर बसल्यासारखी अडकून बसली.

पलीकडं थांबलेल्या लॉरीतून ड्रायव्हरनं उडी मारली. दणकट, मिशीवाला, उत्तरेकडचा असावा. "अम्मा, हाथ दीजिए. गिर जाएँगी."

"धर, बापू. पन गुदगुल्या नको करू."

त्याला शब्द कळला नसणार, पण त्यानं पोतं उतरवावं तसं त्यांना अलगद उचलून खाली ठेवलं. जी आरोळी उठली ती मला अजून ऐकू येते. वदिनांनी मात्र काठी टाकली आणि मावशींच्या पाठीत एक धपाटा घातला.

"पिच्चिदाना!" म्हणजे वेडे.

"हो, हाय मी पिच्ची," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "चाल. फेर धर."

आणि वदिना चालल्या. मावशींच्या दंडाला धरून, हळूहळू, थोडंसंच, पण चालल्या. त्यांचा मुलगा ओट्याच्या कडेला उभा होता. भोवतीच्या साऱ्या माणसांचे फोन वर होते, त्याचा एकट्याचा खिशात होता. वदिना त्याच्यासमोर आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "नेनु पोनु." मी जात नाही. त्यानं काहीतरी समजवायला तोंड उघडलं. वदिना पुढं गेल्या होत्या.

तो दसऱ्यानंतर एकटाच हैदराबादला परतला. पण आठवडाभर सुट्टी वाढवून, आणि रोज माझ्या शाळेत येऊन, आईकडं बघायला कोण कोण येईल, कसं करता येईल, विचारून.

व्हिडिओ गावभर फिरला. मावशींनी तो माझ्या फोनवर बघितला आणि संतापल्या. "माहे पाय काऊन दावले मेल्याइनं? फुलं दावा ना!" मंचेरियलहून मुलीचा फोन आला तो रडत आला आणि हसत संपला.

दिवाळीच्या आत ती इंजिनिअर मुलगी दोन कामगार घेऊन हजर झाली. मान खाली घालून मावशींना म्हणाली, "अम्मा, मेरी मम्मी वीडियो देखी. चार दिन से मेरे से बात नै कर रही." मावशींनी तिला स्टुलावर बसवलं आणि पुड्याऐवजी ताटलीत फुटाणे दिले. कामगारांनी जाळी कापली, भिंत फोडली, पांढरे पट्टे ओढले. मावशी सगळा वेळ उन्हात उभ्या राहून सूचना देत होत्या. कट दोन हात डावीकडं झाला, पट्टे वाकडे आहेत, सिमेंट कच्चं आहे. ती मुलगी सगळं ऐकून घेत होती.

दुसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली. मी शाळेतून पळतच आले. दोघी ओट्यावर बसलेल्या असतील अशी माझी खात्री होती. बघते तर मावशी दुकानातच, हरभरे निवडत.

"मावशी! गेला नाहीत?"

"मी काऊन जाऊ? मी जाळीवरून गेली होती, हाडं मोडून घेऊन. आता तिनं याव."

"अहो, त्यांचे गुडघे..."

"माहे काय लाकडाचे हाय?"

त्या हरभरे निवडत राहिल्या. पण निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या, आणि मान दर मिनिटाला दाराकडं वळत होती.

निळ्या घराचं दार उघडलं. वदिना बाहेर आल्या. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, ठेवणीतलं पातळ. काठी टेकत त्या पट्ट्यांवर उतरल्या. एक बस थांबली, तिच्यामागं ऑटो थांबले. वदिना आपल्या गतीनं येत होत्या. मावशी उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, सूप तसंच हातात घेऊन पायरी उतरल्या आणि सरळ रस्त्यात धावल्या. हरभरे वाटभर सांडत गेले. भिंत फोडलेल्या त्या जागेत, बरोबर मधोमध, दोघींची गाठ पडली.

मला वाटलं आता गळ्यात पडतील. पण वदिना तेलुगूत तणतणत होत्या की इतक्या दिवसांनी वाट उघडली आणि तुला यायला होत नाही का, आणि मावशी वऱ्हाडीत ओरडत होत्या की येऊनच राह्यली होती, तुले थांबता येत नाई का. अलीकडं बस, पलीकडं लॉऱ्यांची रांग. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजत होते, आणि त्या दोघी हातात हात घट्ट धरून, कोणी कोणाच्या घरी जायचं यावर रस्त्याच्या मधोमध भांडत उभ्या होत्या.